खुंटाईचा ओटा

माझी बायको देवीच्या कोपाने मेली असं आमच्या गावात अजून बरेच जण म्हणतात. एकजण सोडून कोणी माझ्या तोंडावर म्हणत नाही. पण मी म्हातारा असलो तरी माझे कान शाबूत आहेत. ती पोटातल्या गाठीने गेली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, बाबा, आता घरी न्या, त्यांना खावंसं वाटेल ते द्या. वैशाख होता. तिने आंबा मागितला, दोन फोडी खाल्ल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. एवढंच. यात देवी कुठे आली?

तरी देवीची गोष्ट सांगावी लागेल, कारण ती देवी आमच्यासमोर, आमच्याच नदीत तयार झाली. मी चौथी शिकलेला माणूस आहे. मला सजवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगतो.

आमचं गाव तापीच्या काठावर, बॅरेजच्या खालच्या अंगाला. वर आमच्या शेतकऱ्यांच्या गल्ल्या, खाली नदीकडे भिलाटी, भिलांची वस्ती. उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं आणि वाळूचा लिलाव होतो. बाहेरचा ठेकेदार येतो, पोकलेन उतरतं, डंपर लागतात. जितकी वाळू निघेल तितके पैसे सरकारात, आणि त्यातला वाटा गावाला. कागदावर असं आहे. पण वाळू किती निघाली हे कोण सांगणार, तर ठेकेदार. म्हणजे ज्याने खाल्लं त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू किती खाल्लंस? तो सांगेल तेवढा वाटा. आमच्या नळाला पाणी नदीकाठच्या विहिरीतून येतं. वाळू गेली तशी विहीर दर उन्हाळ्यात खाली खाली जायला लागली. वाट्याच्या पैशातून ती खोल करायची असं ठरलं होतं. आलेल्या पैशात विहिरीवर लोखंडी जाळी बसली. पाणी नाही, जाळी.

मग नंदुरबारहून एका संस्थेची ताई यायला लागली. पंचविशीतली पोरगी, पाठीला पिशवी, एसटीतून उतरून पायी यायची. शाळेच्या ओसरीत सगळ्यांना बसवायची आणि म्हणायची, नदी तुमची आहे, हिशोब मागायचा हक्क तुमचा आहे, फक्त मोजायचं कसं ते शिकून घ्या. गडीमाणसं माना खाली घालून बसायची. बसणारच. गावातले निम्मे ट्रॅक्टर त्याच वाळूच्या घाटावर भाड्याने लागलेले. मग मोजणीसाठी गावाची समिती झाली, तिच्यात बायांची नावं आली. माझी बायको सगळ्यांत पुढे, अध्यक्षच.

मी म्हटलं, "तुले काय करनं शे त्या वाळूनं? घरमा बठ."

ती म्हणाली, "घरमाच बठेल शे चाळीस वरीस. पानी काय तुम्ही आणतस?"

पाणी ती आणायची.

वाळू ब्रासने मोजतात. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट जाड, हा एक ब्रास. ताईने फळ्यावर काढून दाखवलं होतं. हिला ते फळ्यावर काही कळलं नाही. घरी आली, अंगणात चार बांबू रोवले, त्यांना गुडघ्याखाली चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधली आणि मधे उभी राहिली. म्हणाली, हाऊ ब्रास. मी शेतातून आलो तो त्याच लुगड्यात पाय अडकून पडलो. शिव्या दिल्या. तिला इतकं हसू आलं की तिने पदर तोंडात धरला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया येऊन त्या लुगड्यांच्या चौकोनात उभ्या राहून जायला लागल्या, आणि डंपर रस्त्याने गेला की म्हणायच्या, यामा असा कितला मावतीन?

डंपर मोजणं एक झालं. पण पात्रातून किती खोल काढलं हे कळायला खुंट लागतो. म्हणून घाट सुरू व्हायच्या दिवशी तलाठी, ठेकेदाराचा मुकादम आणि समिती अशा सगळ्यांच्या देखत पात्राच्या मधोमध बोअरचा जुना लोखंडी पाईप खोल ठोकला. त्याचं वरचं टोक वाळूच्या बरोबरीने. पाईपावर खालपर्यंत पट्टे रंगवलेले, एक वीत लाल, एक वीत पांढरा, आणि खाली एका ठिकाणी जाड काळी रेघ. वाळू निघेल तसा पाईप वर दिसत जाईल. काळी रेघ दिसली की खोदाई बंद. तिच्याखाली गेलेला प्रत्येक फावडा बेकायदा, त्याचा दंड वेगळा. मुकादमाने मान्य केलं, सही केली, फोटो काढला. फोटोत माझी बायको पाईपाला हात लावून उभी आहे, जशी काही म्हैस विकत घेतली.

आता म्हशीचं सांगतो.

माझ्या धाकट्या चुलतभावाची बायको, समितीतलीच, तिला मी इथे धाकटी म्हणतो. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी तोंडाने बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाला सांगते. धाकटी आमच्याकडे लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशी माझ्या बायकोतर्फे बोलली. मी समोर खाटेवर बसलेलो असायचो आणि ती म्हणायची, "बाई, आबासले सांगा, त्यासना बैल आमना कपाशीमा शिरना." मी ऐकलेलंच असायचं. तरी बायको मला परत सांगायची, आणि मी उठायचो. असं आयुष्य गेलं.

धाकटीची म्हैस पात्रात चरायला गेली आणि पाईपापाशी खोदलेल्या खड्ड्यात घसरली. खड्ड्यात पाणी. म्हशीचा दोर पाईपाला गुंडाळला गेला आणि तिचं डोकं पाण्यावर राहिलं. भिलाटीतल्या पोरांनी ओढून काढली तेव्हा जिवंत होती. दुभती म्हैस. धाकटीने घरून नारळ आणला, पाईपापुढे फोडला, शेंदूर लावला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही नारळाचा तुकडा खाल्ला.

पण लाल पट्टे होतेच, त्यावर शेंदूर. लांबून बघणाऱ्याला देवच दिसायचा. पुढच्या मंगळवारी दुसरी बाई आली, मग तिसरी. कोणाच्या पोराचा ताप उतरला. कोणीतरी खुंटाई म्हणालं आणि नाव पडलं. ज्या बाया समितीत होत्या त्याच बाया तिथे ओटी भरायला लागल्या. त्यांना त्यात भांडण दिसत नव्हतं. मापही तेच, देवीही तीच.

मुकादमाला मात्र दिसलं. तो गुजरातकडचा, गोड बोलणारा, खिशात कायम बडीशेप. बायांना म्हणाला, "माताजी अशी उघड्यावर नहीं चाले. सिमेंट हूं आपूं, फरशी हूं आपूं, सगळं मी देतो. सेवा छे." त्या वेळी माझी बायको चिंचपाड्याला खाटेवर पडलेली आणि मी तिच्या उशाशी. आम्ही परत आलो तोवर पाईपाभोवती चौकोनी ओटा झाला होता. वर निळी फरशी, कडेला झेंडा. आणि ओट्याच्या चारी बाजूंचे खड्डे गाळाने, गोट्यांनी भरून सपाट केलेले. ओट्याच्या वर पाईपाचा जेवढा भाग दिसत होता त्यात लाल, पांढरा, लाल, पांढरा. काळी रेघ कुठेच नाही.

ती म्हणाली, मला ट्रॅक्टरवर बसवून तिथे न्या. नेलं. ट्रॉलीत गोधडी टाकून, हळू. ती ओट्याभोवती एक फेरी चालली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मग बाया जमल्या होत्या त्यांना म्हणाली, "रेघ कोठे गयी वं?"

बाया फरशीकडे बघत राहिल्या. मग तीच म्हणाली,

"हाऊ पाईप शे. देव नही. मीच रंगाडेल शे त्याले. उचका हाऊ ओटा."

धाकटीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाई, असं बोलू नका. माफी मांगा."

"कोनी माफी मांगू? पाईपनी?"

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. जेमतेम आठवडाभर होती. गावाला जोडायला एवढं पुरलं. पाईप म्हणाली आणि गेली. गाठ आधीपासून होती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे कोणाला ऐकायचं नव्हतं.

आम्हाला मुलगा नाही. एकच मुलगी, रनाळ्याला दिलेली. अग्नी मीच दिला. म्हणजे सुतकाचे सगळे नियम माझ्या डोक्यावर. जमिनीवर झोपायचं, देवाला हात लावायचा नाही, देवळाची पायरी चढायची नाही. आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. येऊन बसतात. बोलतात, नाही बोलतात, चहा घेतात, उठतात. सगळं गाव आलं. मुकादमही आला. पांढरी टोपी घातली होती. माझ्या शेजारी सतरंजीवर बसला, हळू म्हणाला, "आबा, घाटाची आखरी मोजणी आवे छे. साहेब येणार ते नेमकं तुमच्या दहाव्याला. तुम्ही तिकडे विधीत असाल. चिंता करू नका, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. पाच मिनिटांचं काम."

मी त्याच्या टोपीकडे बघत राहिलो. मला त्रास होऊ नये याची काळजी तो करत होता.

तो गेल्यावर बायांच्या बाजूने धाकटीचा आवाज आला. मधलं माणूस आता नव्हतं, म्हणून ती माझ्या मुलीला म्हणाली, "तुन्हा बापले सांग, बाराव्यानंतर खुंटाईनी ओटी भरी या. बाईकडथून माफी मांगी ल्या. नहीतं घरवर अजून येयी."

मुलगी रडून रडून थकलेली. तिने मला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी ऐकलं होतं. जिने गावासाठी ट्रॉलीत पडून नदी गाठली, तिच्या वतीने पाईपाची माफी मागायची.

मी ताईला फोन लावायला मुलीला सांगितलं. ताई म्हणाली, आबा, मला यायला जमणार नाही, मी अक्कलकुव्याकडे डोंगरात आहे, पण एक करा. काळी रेघ दिसली नाही तर साहेब जेवढं दिसतं तेवढंच लिहितील. एकदा लिहिलं की संपलं. गावाचा वाटा त्यावरच ठरेल, आणि पुढचा लिलावही त्याच मापावर होईल. रेघ दाखवा. कशीही दाखवा.

दहाव्याच्या सकाळी भाऊबंद नदीवर जमले. डोकी भादरली. मी ओल्या धोतरात बसलेलो, भटजी सांगतील ते करत होतो. पिंडाला कावळा लगेच शिवला, म्हणजे आम्ही नीट सरकलोही नव्हतो. पण कोणाचं लक्ष नव्हतं, कारण पलीकडच्या उतरणीवरून जीप खाली येत होती.

जीपमधून मोजणीचे साहेब उतरले, सोबत तलाठी आणि शिपाई. मुकादम आधीच छत्री घेऊन उभा. ते ओट्यापाशी गेले. आम्ही बसलो होतो तिथून ओटा हाकेच्या अंतरावर होता. साहेबांनी चपला काढल्या, हात जोडले, मग पाईपावरचे पट्टे मोजून शिपायाला सांगू लागले. शिपाई लिहू लागला.

मी उठलो.

"आबा, विधी अर्धा शे," भटजी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या अर्धा."

मी जवळ गेलो तसा मुकादम पुढे आला. "आबा, सुतक छे तमने. देवीपासून जरा छेटे."

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, काळी रेघ या ओट्याच्या आत आहे. खाली बघा. ओटा नंतर बांधला आहे."

साहेब वाईट माणूस नव्हता. घामाने भिजलेला, चष्मा पुसत होता. म्हणाला, "बाबा, मला जे दिसतं ते मी लिहितो. आजूबाजूचे खड्डे भरलेत, तिथे मला काही मापता येत नाही. आणि हा देवाचा ओटा आहे. मी हात लावला तर उद्या तुमचंच गाव माझ्या जीपला आडवं येईल."

"मी लावतो हात."

"लावा," असं तो म्हणाला नाही. लिहिणाऱ्या शिपायाचा हात मात्र थांबला.

जवळच उभ्या डंपरच्या केबिनमागे पहार होती. मी ती काढली. जड होती, किंवा मी म्हातारा झालोय. तेवढ्यात माझा चुलतभाऊ, धाकटीचा नवरा, पळत आला आणि माझं मनगट धरलं. त्याचंही डोकं ताजं भादरलेलं. दोघं तसे उभे, सारखे दिसणारे.

"आबा, नका. मन्हा घरना देव शे तो."

"मंग तू फोड. ल्हे."

मी पहार त्याच्यापुढे धरली. त्याने पहारीकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, मग माझं मनगट सोडलं आणि मागे सरला. सगळे भाऊबंद काठावर उभे. कोणी पुढे येईना, कोणी अडवेना.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. मीही याच गावचा, याच नदीचा. तोंडाने पाईप म्हणणं वेगळं, आणि निळ्या फरशीवर शेंदूर वाळलेला समोर असताना पहार उचलणं वेगळं. मनात आलं, देवी असेल तर असो, माझ्याकडून न्यायला आता तिला काय उरलंय. आणि पहार मारली.

फरशी तडकली. आतून सिमेंट आणि नदीचे गोटे, गोट्यांच्या सांध्यात चिल्लर, बांगड्यांचे तुकडे, वाळलेलं फूल. मी एका बाजूने फोडत खाली गेलो. कोणी मदत केली नाही. उन्हाने डोकं भाजत होतं, भादरलेल्या डोक्याला ऊन फार लागतं. पाईप थोडा थोडा उघडा पडत गेला. लाल. पांढरा. लाल. मग काळं दिसलं. मी बोटाने सिमेंट खरवडलं. जाड काळी रेघ, जशी रंगवली तशी.

आणि ओटा तिथे संपत नव्हता. रेघेच्याही खाली गोटे आणि सिमेंट जातच होते, हातभर तरी. मी आणखी फोडलं आणि ओट्याचं बूड लागलं.

साहेब वाकून बघत होते. त्यांच्या लक्षात आलं. ज्या दिवशी ओटा बांधला त्या दिवशी नदीचा तळ या बुडापाशी होता, म्हणजे रेघ केव्हाच ओलांडली होती. वाळू सारून सपाट करता येते, पण सिमेंट जिथे बसलं तिथेच बसलेलं असतं.

मुकादमाने बडीशेप तोंडात टाकली. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, ए तो पायो छे. ओटा बांधताना पाया खणला होता. पायाशिवाय कोण बांधतं?"

हे मला सुचलं नव्हतं. माझ्या हातातली पहार एकदम नको झाली. साहेब सरळ उभे राहिले. "हं. तेही होऊ शकतं. पाया खणला होता का? बांधताना कोण होतं इथे?"

कोण होतं? बाया होत्या. आणि गोटे रचणारी धाकटी होती.

दहाव्याच्या ठिकाणी आमच्या बाया येत नाहीत. चुलतभावाने घरी फोन लावला. आम्ही उन्हात उभे राहिलो. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मुकादम त्यांना म्हणत राहिला, बाई आता कशाला येईल, जाऊ द्या, ऊन फार आहे. मी बुडापाशी बसून होतो. मला वाटत होतं ती येणार नाही. आली तरी मुकादमाचंच म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर काय म्हटलं असतं, मलाच सांगता येईना.

ती आली. मागे चारपाच बाया, सगळ्यांचे पदर पुढे. उतरणीवरून तिला फुटलेली निळी फरशी दिसली तशी ती थांबली. मग सरळ चालत आली, खाली बसली आणि शेंदूर लागलेल्या एका गोट्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, ओटा बांधताना तुम्ही खाली पाया खणला होता का?"

मुकादम तिच्याजवळ वाकला. "बेन, खरं ते बोला. ज्याने तुमची माता फोडी त्याच्यासाठी खोटं नका बोलू."

ती गोट्यावरचा हात न काढता म्हणाली, "कसाले खणसूत? आम्ही खड्डामाच बांधा ओटा. तठे खणाले वाळू ऱ्हायेल कोठे व्हती? काळी माती लागेल व्हती पायले. मन्ही म्हैस त्याच खड्डामा फसनी, सगळा गावनी दखं." मागच्या बायांनी माना हलवल्या. "ह्या बी गोटा देई ऱ्हायन्यात."

"बेन, तमारी माता..."

"देवी मन्ही शे, मी दखी लेसू. सिमेंट तुन्हं व्हतं. ते कितलं खाले ओतं ते तू सांग."

मुकादमाने छत्री मिटली.

साहेबांनी लिहून घेतलं आणि कागद तिच्यापुढे धरला. समितीची अध्यक्ष गेलेली, सही समितीतल्या कोणाची तरी हवी. शिपायाने पेन दिलं. तिने घेतलं नाही.

"आधी वाचा."

"लिहिलंय तेच आहे बाई, तुम्ही सांगितलं तेच."

"मोठ्याने वाचा. ह्या सगळ्यासले ऐकू दे. बाईनी शिकाडेल शे, वाचाशिवाय सही नही."

साहेबांनी वाचलं. एका ठिकाणी 'रेघेजवळ' असं होतं. ती म्हणाली, जवळ नाही, खाली. साहेबांनी खोडून 'रेघेच्या खाली' केलं आणि खोडलेल्यापाशी स्वतःची सही केली. मग ती बसून सही करायला लागली. तिला सही करायला वेळ लागतो. अक्षर एकेक काढते. नदीचं पाणी लांब होतं, त्याचा आवाज येत नव्हता, पोकलेन बंद होतं. मी तिच्या बोटांकडे बघत होतो.

जीप गेल्यावर मी तिला विचारलं. मधे कोणी नव्हतं, म्हणून सरळ विचारलं. "तू म्हनस ना, ती देवीना कोपथून गयी?"

तिने पदर ओढला, पण उत्तर मलाच दिलं. "मी म्हनस. आज बी म्हनस."

"मंग आज मन्ही बाजू कशी लिधी?"

"तुम्हनी कोनी लिधी? खड्डा व्हता, म्हनीसन मी खड्डा सांगा." मग म्हणाली, "तुम्ही जरा थांबतात ते मी देवी मन्हा हाते काढी लेती. पहार मारानी काय गरज व्हती? जा, आंग धोवा. भटजी बठेल शेतस."

मी पात्रात जाऊन पाण्यात बसलो. राग यावा असं ती बोलली होती आणि मला राग येत नव्हता, हेच मला कळेना. बायको गेल्यापासून माझ्यावर कोणी असं खेकसलं नव्हतं. पाण्यात बसून मी रडलो. भाऊबंदांना वाटलं आंघोळ करतोय. भटजींनी उरलेला विधी गडबडीत उरकला आणि दक्षिणा मात्र पूर्ण घेतली.

धाकटीने शेंदराचे गोटे वेचून नेले. गोठ्याच्या कोपऱ्यात मांडलेत. मंगळवारी बाया तिकडे जातात. मी जात नाही. पण तिने नैवेद्याची वाटी पाठवली तर खातो.

ठेकेदाराला दंडाची नोटीस निघाली असं ऐकलं. त्याने वर अपील केलं असंही ऐकलं. ऐकण्यावर भरवसा नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी धाकटी तालुक्याला जाऊन विचारते. एकट्या बाईला दारातूनच परत पाठवतात, म्हणून मी जातो. एसटीत ती बायांच्या बाकावर, मी मागे. कचेरीत ती पुढे, मी मागे. मागच्या खेपेला कारकून नवीन होता. त्याने तिला विचारलं, "तुम्ही कोण?"

"समिती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि बाबा तुम्ही? समितीत आहात?"

"नाही."

"मग?"

"यांच्यासोबत आलोय."

"साहेब जेवायला गेलेत. उद्या या."

धाकटी म्हणाली, "जेवीसन येतीनच ना? मंग बठतस आम्ही."

बाहेरच्या बाकावर जागा होती. बसलो.